हक्काचा वाटा मागणे हा लोभ आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका ताईंचे वडील मृत्युपत्र न करता वारले. मागे आई, दोन भाऊ आणि या ताई. गावाकडे वडिलांच्या नावावरची थोडी बागायत जमीन आणि तालुक्याच्या ठिकाणी एक घर. भावांनी हक्कसोडपत्र तयार करून आणले. ताईंनी सही करायला वेळ मागितला, तेव्हा थोरला भाऊ म्हणाला, "तुला लोभ सुटलाय. दहावी आज्ञा मोडतेस तू." तेव्हापासून बोलणे बंद आहे. ताई विचारतात की लोभाविषयी बायबल इतके कडक बोलते, तर वाटा मागून मी पाप करते आहे का? आणि भावाशी अबोला असताना प्रभुभोजन घ्यावे का?

ताई, सलाम. आधी सरळ उत्तर देतो, मग त्यामागचे शास्त्र. जे तुमचे आहे ते मागणे हा लोभ नाही. पवित्र शास्त्रातला लोभ दुसऱ्याच्या वस्तूवर नजर ठेवण्यापासून सुरू होतो. तुमच्या घरात कोणाची नजर कोणाच्या वाट्यावर आहे, हे आधी पाहायला हवे. पण एवढे सांगून मी थांबलो तर अर्धेच शास्त्र सांगितल्यासारखे होईल. हक्क खरा असूनही मन लोभाने भरलेले असू शकते. प्रभू येशूने नेमक्या अशाच एका माणसाला, वाटणीच्याच प्रश्नावर, सावध केले आहे. पाळकी सेवेत माझी हयात गेली, आणि मंडळीतली घरे दारूपेक्षा जास्त वाटणीपायी मोडलेली मी पाहिली आहेत. म्हणून दोन्ही बाजू सांगतो.

दहावी आज्ञा निर्गम २०:१७ मध्ये आहे. शेजाऱ्याचे घर, त्याची बायको, दास, दासी, बैल, गाढव, त्याची कोणतीही वस्तू, यांचा लोभ धरू नको. अनुवाद ५:२१ मध्ये हीच आज्ञा पुन्हा येते तेव्हा त्यात शेताचीही भर पडते, कारण लोक आता जमिनीवर वस्ती करणार होते आणि वाटण्या व्हायच्या होत्या. बाकीच्या बहुतेक आज्ञा मोडल्या तर कधी ना कधी कोणाच्या तरी लक्षात येते. चोरी पकडली जाते, खोटी साक्ष उघडी पडते. दहावी आज्ञा मोडणारा मात्र उपासनेत पहिल्या बाकावर बसून गीत म्हणत असतो आणि कोणाला पत्ता लागत नाही. प्रेषित पौल स्वतःविषयी लिहितो की नियमशास्त्राच्या दृष्टीने मी निर्दोष होतो, आणि तोच रोमकरांस ७:७ मध्ये सांगतो की "लोभ धरू नको" असे नियमशास्त्राने म्हटले नसते तर लोभ म्हणजे काय हे मला कळलेच नसते. नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या या परूशी माणसाला आत जाऊन लागलेली आज्ञा ही होती.

या आज्ञेत नुसत्या इच्छेला बंदी नाही, हे लक्षात घ्या. नीतिसूत्रांच्या ३१व्या अध्यायातली सद्गुणी स्त्री शेत पाहते, विचार करते, विकत घेते आणि आपल्या हातच्या कमाईने तिथे द्राक्षमळा लावते. तिला शेत हवे होते, तिने दाम मोजले, आणि शास्त्र तिचे कौतुक करते. बंदी आहे ती "शेजाऱ्याचे" जे आहे त्यावर जीव टाकण्याला. त्यामुळे तुमच्या प्रश्नात पहिला मुद्दा मनाचा नाही, मालकीचा आहे. वडिलांच्या मागे ही जमीन कोणाची?

महाराष्ट्रात ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. (गोव्यातला नागरी कायदा वेगळा आहे, तिथल्या वाचकांनी हा हिशेब स्वतःला लावू नये.) पत्नी आणि मुले मागे असतील तर एक तृतीयांश पत्नीचा आणि उरलेला दोन तृतीयांश सर्व मुलांना सारखा. मुलगा आणि मुलगी असा भेद त्यात नाही. मुलग्यांना जन्मतःच हक्क मिळतो ही कल्पना आपल्या कायद्यातली नाही, ती गावातल्या रीतीवरून आपल्या घरांत शिरलेली आहे. तुमच्या बाबतीत नऊ भाग धरले तर आईचे तीन आणि तुम्हा तिघा भावंडांचे प्रत्येकी दोन. म्हणजे सर्वांत मोठा वाटा आईचा आहे. तुमच्या पत्रात भावांच्या म्हणण्याविषयी पुष्कळ आहे, आईच्या वाट्याविषयी एक ओळही नाही. त्याकडे मी पुढे येतो. कागद एकदा वकिलाला दाखवून घ्या, कारण नोंदणी झालेले हक्कसोडपत्र नंतर फिरवणे फार जड जाते.

तेव्हा त्या नऊ भागांतले दोन तुमचे आहेत. ते तुमच्याकडून गोड बोलून, रागावून किंवा वचने सांगून काढून घेऊ पाहणारा माणूस दहाव्या आज्ञेतल्या शेजाऱ्याच्या शेतावर नजर ठेवून आहे. आज्ञा त्याने तुम्हाला ऐकवली. ती त्याला लागू पडते.

"पण शास्त्रात मुलींना वतन कुठे आहे?" असे कोणी विचारले तर गणना २७ उघडा. सलाफहादच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, मोशे, एलाजार याजक, सरदार आणि सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहिल्या. आमचा बाप मेला, त्याला मुलगा नव्हता, म्हणून त्याचे नाव कुळातून का पुसले जावे? आम्हाला वतन द्या. मोशेने स्वतः निकाल दिला नाही, त्याने ही गोष्ट परमेश्वरापुढे नेली. परमेश्वर म्हणाला, त्या मुलींचे म्हणणे रास्त आहे. त्यांना कोणी लोभी म्हटले नाही. आणि नुसते वचन मिळून भागले नाही, हेही पाहा. यहोशवा १७ मध्ये, मोशे गेल्यावर आणि देश जिंकल्यावर, त्याच पाच जणी पुन्हा पुढाऱ्यांसमोर आल्या आणि मोशेला परमेश्वराने काय आज्ञा दिली होती याची आठवण करून दिली. मग त्यांना वाटा मिळाला. दुसऱ्यांदा मागावे लागले म्हणून त्या लाजल्या नाहीत.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की तो नियम मुलगे नसलेल्या घरासाठी होता आणि ३६व्या अध्यायात त्या मुलींनी आपल्याच वंशात लग्न करावे असे बंधनही आले. तुमचा भाऊ हे दाखवील, आणि त्यात तो चुकीचे बोलणार नाही. त्याला ईयोबाचा शेवटचा अध्याय दाखवा. ईयोबाला सात मुलगे आणि तीन मुली होत्या, आणि त्याने मुलींना त्यांच्या भावांबरोबर वतन दिले. कोणत्याही नियमाने त्याला तसे करायला लावले नव्हते. दुःखातून तावून निघालेल्या माणसाने, देवाची भेट झाल्यावर, आपल्या घरात हा निर्णय घेतला. नव्या करारात तर पेत्र पतींना सांगतो की बायका तुमच्याबरोबर जीवनाच्या कृपादानाच्या वारीस आहेत. स्वर्गाच्या वतनात बहीण भागीदार आणि सातबाऱ्यावर तिचे नाव आले की ती लोभी, हे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

आता लोभ खरोखर कसा असतो ते पाहू. त्यासाठी १ राजे २१ हा अध्याय मी नेहमी पुढे ठेवतो. अहाब इस्राएलचा राजा, ख्रिस्तपूर्व नवव्या शतकातला. राजधानी शोमरोन, आणि यिज्रेलला दुसरा वाडा. वाड्याला लागून नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा होता. यिज्रेलच्या परिसरात अलीकडच्या उत्खननात खडकात कोरलेले द्राक्षकुंड सापडले आहे. ते नाबोथाचेच असे कोणी म्हणू शकत नाही, पण त्या मातीत द्राक्षे होत होती एवढे त्यावरून कळते. अहाबाला तिथे भाजीपाला लावायचा होता. त्याची मागणी ऐका, किती समंजस वाटते. याहून चांगला मळा देतो, नाही तर रोख किंमत घे. तुमच्या माझ्या गावात कोणी असे बोलले तर लोक म्हणतील, माणूस व्यवहाराला चोख आहे.

नाबोथाने नकार दिला. वाडवडिलांचे वतन तुला देणे परमेश्वर माझ्याकडून न घडवो. त्याला भाव वाढवून हवा नव्हता. लेवीय २५:२३ मध्ये परमेश्वराने म्हटले आहे की भूमी माझी आहे, तुम्ही माझ्याकडे उपरी आहात, म्हणून ती कायमची विकायची नाही. पन्नासाव्या वर्षी, योबेल वर्षी, विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत जायची. नाबोथ त्या व्यवस्थेला धरून उभा होता. आणि राजा काय करतो? घरी जाऊन खाटेवर तोंड फिरवून पडतो, जेवत नाही. ज्याने हस्तिदंती घर बांधले, नगरे बांधली, तो एका भाजीच्या वाफ्यासाठी उपाशी पडून राहतो. आपल्याजवळ किती आहे याचा लोभाशी काही संबंध नसतो, हे या चित्राइतके स्पष्ट मी दुसरीकडे वाचलेले नाही.

पुढचा भाग मला सगळ्यांत भयंकर वाटतो. ईजबेल राणीने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, राजाची मोहोर केली आणि नगरातल्या वडीलजनांना सांगितले की उपास जाहीर करा, नाबोथाला लोकांपुढे मानाने बसवा आणि दोन अधम माणसे साक्षीला उभी करा. दोन साक्षी, कारण नियमशास्त्र दोन साक्षी मागते. आरोप देवनिंदेचा. शिक्षा नगराबाहेर धोंडमार. सगळे कायद्याप्रमाणे, सगळे धार्मिक. उपासाचा दिवस पाळून एक निरपराध माणूस मारला. २ राजे ९:२६ वरून कळते की त्याचे मुलगेही गेले, म्हणजे मागे वारस उरला नाही. अहाबाने यातले काही केले नाही. त्याने पत्र लिहिले नाही, धोंडा उचलला नाही. नाबोथ मेला असे कळल्यावर कसा मेला हे न विचारता तो उठला आणि मळ्याचा ताबा घ्यायला गेला. एलीया संदेष्टा त्याला त्या मळ्यातच गाठतो आणि परमेश्वराचा प्रश्न विचारतो: तू खून करून वतनही घेतलेस काय? प्रश्न अहाबाला होता. ज्याच्या हाती शेवटी जमीन येते त्याला देव जबाबदार धरतो, मग कागद कोणीही तयार केलेले असोत.

आपल्या घरांत खून होत नाहीत, देवाची दया. पण उपास जाहीर करून वतन घेण्याची रीत मी पाहिली आहे. वडिलांच्या चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना होते, "भाऊबंद ऐक्याने एकत्र राहतात हे किती चांगले" हे १३३वे स्तोत्र वाचले जाते, चहा होतो, आणि मग बहिणीपुढे कागद सरकवले जातात. नातेवाईक बसलेले असतात, पाळक बसलेले असतात. अशा वेळी "मला विचार करायला वेळ द्या" म्हणणारी बाई स्तोत्राच्या विरोधात बोलल्यासारखी वाटते. देवाचे वचन अशा कामी लावणे मला ईजबेलच्या त्या उपासाइतकेच जड वाटते, आणि जे पाळक तिथे गप्प बसतात त्यांनाही मी हेच सांगतो.

संदेष्ट्यांनी या विषयावर आवाज खाली ठेवलेला नाही. मीखा २:१-२ मध्ये बिछान्यावर पडून वाईट बेत करणारे लोक आहेत. उजाडले की ते बेत अमलात आणतात, कारण त्यांच्या हाती सत्ता आहे. त्यांना शेते हवीशी वाटतात आणि ते ती हिसकावतात. यशया ५:८ मध्ये घराला घर आणि शेताला शेत जोडणाऱ्यांना शाप आहे. अनुवाद २७:१७ मध्ये शेजाऱ्याच्या शेताची खूण सरकवणारा शापित, आणि त्यावर सर्व लोकांनी आमेन म्हणायचे आहे. नांगरटीच्या वेळी दरवर्षी थोडा थोडा बांध कोरणाऱ्यांनी हे वचन वाचले आहे का, असे मला पुष्कळदा विचारावेसे वाटते.

आता दुसरी बाजू. लूक १२ उघडा. हजारोंचा समुदाय जमलेला, लोक एकमेकांना तुडवत होते, आणि त्यातून एक जण म्हणतो, "गुरुजी, मला वतनाचा वाटा द्यायला माझ्या भावाला सांगा." तुमचाच प्रश्न आहे हा. लोक असे तंटे शास्त्र जाणणाऱ्यांकडे नेत असत. प्रभू म्हणाला, मला तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कोणी नेमले? आणि मग तो सगळ्यांना उद्देशून म्हणाला की सर्व प्रकारच्या लोभापासून सांभाळा, कारण एखाद्याजवळ पुष्कळ असले तरी त्याचे जीवन त्या संपत्तीत नसते. त्या माणसाची मागणी खोटी होती असे येशूने म्हटले नाही. भावाने त्याचा वाटा दाबला असेल, बहुधा दाबलाच असेल. तरीही त्याला सावध केले. हक्क खरा आहे म्हणून मन स्वच्छ आहे असे होत नाही.

मग येतो त्या धनवान शेतकऱ्याचा दाखला. त्याच्या जमिनीला भरघोस पीक आले. त्याने चोरी केली नाही, मजुरी बुडवली असेही लिहिलेले नाही. तो स्वतःशी बोलतो: माझे पीक कुठे साठवू? माझी कोठारे मोडतो, मोठी बांधतो, माझे धान्य, माझा माल तिथे ठेवतो, आणि माझ्या जिवाला म्हणतो, जिवा, पुष्कळ वर्षांची बेगमी झाली, खा, पी, आनंद कर. या सगळ्या बोलण्यात बायको नाही, मूल नाही, कापणी करणारा गडी नाही, शेजारची विधवा नाही, पाऊस देणारा देव नाही. देव त्याला मूर्ख म्हणतो, आणि विचारतो: आज रात्री तुझा जीव मागितला जाईल, मग जे तू साठवलेस ते कोणाचे होईल? दाखला वाटणीच्या भांडणाला उत्तर म्हणून सांगितला आहे हे आठवले की या प्रश्नाची धार कळते. ते कोणाचे होईल? अशाच दोन भावांचे, जे उद्या भर गर्दीत त्यावरून भांडतील. तुमच्या वडिलांनीही कष्टाने जोडले, आणि आज ते असे तुमच्या तिघांत उभे आहे.

म्हणून ताई, मालकीचा प्रश्न वकील सोडवील, पण काही प्रश्न तुम्हाला देवासमोर एकटीने सोडवायचे आहेत. रात्री झोप येत नाही तेव्हा डोळ्यांसमोर काय येते, मुलांच्या शिक्षणाला होणारी मदत की भावाचे उतरलेले तोंड? वडिलांनी तुम्हाला आधी काही दिले असेल, प्लॉट घ्यायला पैसे, दागिने, तर ते तुम्ही स्वतः होऊन मांडाल का? (लग्नाचा खर्च म्हणजे मुलीचा वाटा, हे मात्र मी मानत नाही. लग्ने भावांचीही झाली.) आई आज कोणाकडे आहे, तिच्या औषधांचे कोण पाहते, आणि जो पाहतो त्याच्या श्रमाची तुम्ही कदर करता का? घर विकून पैसे वाटायचे ठरले तर आई कुठे राहील? तिचे तीन भाग तिच्या नावावर लागावेत म्हणून तुम्ही तेवढ्याच नेटाने उभ्या राहाल, तर तुमच्या मागणीत लोभ फार नाही, असे मी समजेन. तीन भावंडांच्या भांडणात आईचा वाटा कोणालाच आठवत नसेल, तर तिघांनीही लूक १२ वाचावा.

या विषयावर बोलताना पाळकांनी स्वतःकडेही पाहावे म्हणून गेहजीचा उल्लेख करतो. अलीशा संदेष्ट्याने परक्या देशाचा सरदार नामान याचे कोड बरे झाल्यावर एक कवडी घेतली नाही. त्याचा सेवक गेहजी मागून धावत गेला, धन्याच्या नावाने खोटे बोलला, दोन किक्कार रुपे आणि दोन पोशाख घेऊन आला आणि घरात लपवले. नामानाचे कोड त्याला लागले. एका परक्या सरदाराला देवाची कृपा फुकट मिळाली होती, गेहजीने तिला किंमत लावली. आज "बीज पेरा, शंभरपट घ्या" म्हणत गरीब विधवेच्या हातातली नोट काढून घेणारे प्रचारक आणि मिशनच्या काळापासून मंडळीच्या असलेल्या जागांचे परस्पर सौदे करणारे विश्वस्त त्याच वाटेने चालले आहेत. लोभाविरुद्ध बोलण्याचा अधिकार आपण यामुळेच गमावत चाललो आहोत.

आखानाची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल, यहोशवा ७. त्याने यरीहोच्या लुटीतले, घ्यायला मनाई असलेले सोने पाहिले, लोभ धरला, घेतले, तंबूत पुरले, आणि आय नगरापुढे छत्तीस माणसे मेली, ज्यांचा त्या सोन्याशी काही संबंध नव्हता. लोभाची किंमत बहुतेक वेळा तिसराच मोजतो. वाटणीच्या घरांत ती नातवंडे मोजतात. चुलत भावंडे एकमेकांना ओळखत नाहीत, एकाच्या मातीला दुसरा येत नाही.

पौल लोभाला मूर्तिपूजा म्हणतो (कलस्सै ३:५). आपल्या लोकांना हे जरा अतिच वाटते, कारण मूर्तिपूजा म्हटले की आपण दुसऱ्या कोणाचे देव्हारे डोळ्यांसमोर आणतो. पण विचार करा, देवाने काय द्यावे अशी आपली अपेक्षा असते? सुरक्षितता, मान, उद्याची शाश्वती. हे सगळे जमीन देईल असे ज्याला मनापासून वाटते, त्याने देव बदललेला आहे. १ तीमथ्य ६ मध्ये पैशाला नव्हे तर पैशाच्या लोभाला सर्व प्रकारच्या वाइटाचे मूळ म्हटले आहे, आणि अशा लोकांनी स्वतःलाच दुःखांनी भोसकून घेतले असे पुढे लिहिले आहे. त्याच अध्यायात श्रीमंतांना घर विकायला सांगितलेले नाही. गर्व करू नका, परोपकारी व्हा, वाटून द्या, असे सांगितले आहे.

तिथेच समाधानाविषयीही लिहिले आहे, आणि त्या वचनाचा फार गैरवापर होतो. "अन्नवस्त्र आहे ना, मग तृप्त राहा" हे बहिणीला सांगितले जाते, मजुराला सांगितले जाते. सांगणाऱ्याचे कोठार भरलेले असते. पौलाने "मी आहे त्या स्थितीत समाधानी राहायला शिकलो" हे बंदिवासातून लिहिले, स्वतःविषयी लिहिले. दुसऱ्याचा वाटा आपल्या ताब्यात ठेवून त्याला समाधान शिकवणे, हे पौलाचे शिक्षण नाही. सोडून देण्याचे शास्त्रातले मोठे उदाहरण उत्पत्ती १३ मध्ये आहे. अब्राम आणि लोट यांच्या गुराख्यांत तंटा झाला तेव्हा अब्राम पुतण्याला म्हणाला, तू डावीकडे गेलास तर मी उजवीकडे जाईन. तो चुलता होता, वडील होता, वचन त्याला मिळालेले होते. ज्याच्या हाती सत्ता होती त्याने आधी निवडायचा हक्क सोडला. हा अध्याय थोरल्या भावाने वाचायचा आहे.

तुम्ही स्वतः काही सोडू शकता का? नक्कीच. एखादा भाऊ खरोखर अडचणीत असेल, त्याचे पोट त्या शेतावर असेल आणि तुमचे बरे चालले असेल, तर तुम्ही तुमच्या वाट्यातले देऊ शकता. पण आधी ते तुमचे आहे हे सगळ्यांनी मान्य करावे, मग तुम्ही द्यावे. प्रेषितांची कृत्ये ५ मध्ये पेत्र हनन्याला म्हणतो की जमीन विकण्यापूर्वी ती तुझीच होती ना, आणि विकल्यावरही पैसे तुझ्याच हाती होते ना? पहिल्या मंडळीत, जिथे सगळे समाईक होते असे आपण वाचतो, तिथेही दान सक्तीचे नव्हते. भीतीने किंवा लाजेने केलेल्या सहीला दान म्हणता येणार नाही.

रीत काय धरावी? मत्तय १८ प्रमाणे आधी भावाला एकट्याला भेटा, वहिनी आणि मुले नसताना. वाटा किती, आईचे काय, तुम्हाला काय हवे आणि काय नको, हे कागदावर लिहून न्या. नाही ऐकले तर दोघा-तिघांना घेऊन जा, मामा असतील तर मामा, मंडळीतले एखादे वडीलधारे ज्यांचा या जमिनीशी संबंध नाही. भाऊ तुम्हाला १ करिंथ ६ दाखवील, विश्वासणाऱ्याने भावाला कोर्टात खेचू नये, त्यापेक्षा अन्याय का सहन करत नाही? त्याला पुढचे, आठवे वचन वाचायला सांगा. तुम्हीच अन्याय करता आणि नाडता, तेही आपल्या भावांना, असे पौल तिथे लिहितो. आणि त्याच अध्यायात, दहाव्या वचनात, देवाच्या राज्याचे वतन ज्यांना मिळणार नाही त्यांच्या यादीत चोर आणि लोभी एकाच ओळीत आहेत. मंडळीने तंटा मिटवला नाही तर कायद्याने आपला वाटा राखणे हे पाप आहे असे मी सांगणार नाही. पौलानेही गरज पडली तेव्हा आपला रोमी नागरिकाचा हक्क वापरला आणि कैसराकडे दाद मागितली.

आणि भावाला परतीचा रस्ता बंद आहे असे समजू नका. एलीयाचे शब्द ऐकून अहाबाने गोणपाट नेसले, उपास केला, आणि देवाने तेवढ्यानेही त्याच्यावरचे अरिष्ट पुढे ढकलले. मळा परत दिल्याचे मात्र कुठे लिहिलेले नाही. जकातदार जक्कय वेगळा निघाला. अर्धे गरिबांना देतो, आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत करतो, असे तो उभा राहून म्हणाला, आणि मग प्रभू म्हणाला की आज या घराला तारण झाले आहे.

राहिला प्रभुभोजनाचा प्रश्न. मत्तय ५:२३-२४ मध्ये वेदीपुढे दान ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितले आहे, आणि तिथे म्हटले आहे की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे तुला आठवले तर. म्हणजे चूक कोणाची हा प्रश्न बाजूला ठेवून पहिले पाऊल आपण टाकायचे. या आठवड्यात भावाला फोन करा. उचलला नाही तर निरोप पाठवा की सही करणार नाही, पण घरी यायचे आहे, आईला भेटायचे आहे, तुझ्यासाठी प्रार्थना करते. एवढे मनापासून केले आणि त्याने दार बंद ठेवले, तर रोमकरांस १२:१८ म्हणते तसे तुमच्याकडून शक्य तितके झाले. प्रभुभोजन घ्या, टाळू नका. तुम्ही मागे बसलात आणि तो पुढे येऊन भाकर घेऊन गेला, तर गावाला उलटाच अर्थ कळेल.

त्याच्याविषयी मात्र तुमच्या पाळकांनी आणि पंचांनी बोलायला हवे. १ करिंथ ५:११ मध्ये ज्यांच्याबरोबर जेवूही नये असे पौल सांगतो, त्या यादीत जारकर्मी, दारुडा आणि लोभी हे तिघेही आहेत. पहिल्या दोघांवर आपल्या मंडळ्या कारवाई करतात. तिसऱ्यावर केलेली मी पाहिलेली नाही, उलट त्यालाच बहुधा खजिनदार नेमतात. हे उत्तर तुमच्या पाळकसाहेबांना दाखवायला माझी हरकत नाही. भावाला भेटायला जाताना त्यांनाच दोघा-तिघांतला एक म्हणून बरोबर घ्या. ते नाही म्हणाले तर मला कळवा, मी त्यांच्याशी बोलेन.